फोनची बॅटरी आणि विहिरीचे पाणी

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक मावशी येतात. सिन्नर तालुक्याच्या पूर्वेकडच्या एका गावच्या. वय साठीच्या घरात. मालक वारले. मुलगा मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो. दीड एकर जमीन मावशींच्या स्वतःच्या नावावर आहे. सही करायला त्या आमच्याकडेच शिकल्या. आता सातबारादेखील अडखळत का होईना, पण वाचतात.

२०२४ च्या खरिपात त्यांनी सोयाबीन पेरले होते. पिकाची नोंद करायची मुदत संपायला दोन दिवस उरले. मुलाला सुट्टी मिळेना. मावशी म्हणाल्या, "मीच जाते." मुलाचा जुना फोन त्यांच्याकडे होता. अ‍ॅप कसे उघडायचे ते नातवाने दाखवून ठेवले होते. सकाळी फोन पुरता भरला, पिशवीत घातला आणि मावशी घरून निघाल्या. वाटेत दुसऱ्याच्या शेतात निंदणीचे काम होते ते उरकले. भर दुपारी त्या आपल्या बांधावर उभ्या राहिल्या. फोनवर २२ टक्के दिसत होते. त्यांनी अ‍ॅप उघडले, पीक लिहिले, फोटोसाठी कॅमेरा सुरू केला आणि फोन काळा पडला.

संध्याकाळी वर्गात त्या तावातावाने म्हणाल्या, "गुरुजी, बावीस दिसत व्हते. शून्य नव्हतं झालं. मग मेला कसा? आन् घरी येऊन चालू केला तर पुन्हा चौदा दाखवतोय! हा फोन खोटं बोलतो का माझ्याशी?"

वर्गात सगळे हसले. आम्हाला मात्र हसू आले नाही, कारण उत्तर आम्हालाही लगेच देता येईना. मग आम्ही चार जाणत्यांना विचारले, काही वाचले, आणि आठवड्याने उत्तर घेऊन वर्गात आलो. तेच या धड्यात लिहिले आहे.

आधी ही नोंद एवढी महत्त्वाची का, ते पाहू. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर ई-पीक पाहणी सुरू झाली. त्याआधी पिकाची नोंद तलाठी करीत. आता शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात उभे राहून फोनवर पीक लिहायचे, क्षेत्र लिहायचे आणि पिकाचा फोटो काढायचा. फोटोबरोबर ती जागा नेमकी कोठे आहे, हेही फोन लिहून पाठवतो. म्हणून घरी ओट्यावर बसून हे काम होत नाही. ही नोंद पुढे सातबाऱ्यावर चढते. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सात सांगतो जमीन कोणाची. बारा सांगतो तिच्यात काय पेरले.

बारा कोरा राहिला तर काय होते? कांदेवाल्यांना विचारा. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कांद्याचे भाव पार बसले होते. त्या दोन महिन्यांत विकलेल्या कांद्याला राज्य सरकारने क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान दिले. एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत. मांडा हिशेब: २०० गुणिले ३५०, म्हणजे ७०,००० रुपये झाले. पण सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी होती. ज्यांची नव्हती त्यांना फार हेलपाटे पडले. शेवटी गावच्या समितीने खात्री करून द्यावी, असा मार्ग काढावा लागला. तेव्हा बांधावर फोन बंद पडणे ही हसण्यासारखी गोष्ट नाही, बरं का.

आता बॅटरीकडे वळू.

फोनच्या बॅटरीत लिथियम नावाच्या धातूचे अतिसूक्ष्म कण असतात. लिथियम हा सगळ्या धातूंत हलका. बॅटरीला दोन बाजू असतात. फोन चार्जिंगला लावला की हे कण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाऊन बसतात. फोन वापरला की ते परत येतात, आणि त्यांच्या या येण्यातून आपल्याला वीज मिळते. अशी बॅटरी १९९१ साली सोनी या जपानी कंपनीने प्रथम बाजारात आणली. जिच्या पायावर ती उभी आहे ती विद्या शोधणाऱ्या तिघांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांतले जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. आमच्या वर्गातल्या सर्वांत वडील आजोबांनी हे ऐकले आणि पाटी पुन्हा पुढे ओढली!

या कणांच्या येण्याजाण्यात थोडी खोट येत जाते. प्रत्येक खेपेला काही कण वाटेतच अडकून बसतात. शिवाय वाट दिवसेंदिवस खडतर होते. म्हणून जुन्या बॅटरीत दोन गोष्टी होतात. तिच्यात मावणारी वीज कमी होते, हे सर्वांना ठाऊक आहे. दुसरी गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. आहे तेवढी वीजही ती झटकन देऊ शकत नाही.

मावशींचा बावीसचा घोळ या दुसऱ्या गोष्टीत आहे.

आपल्या पूर्व भागातली उन्हाळ्यातली विहीर डोळ्यांसमोर आणा. तळाला पाणी दिसते आहे. पण झरे आटत आलेले. पाच हॉर्सपॉवरची मोटार लावली की दहा मिनिटांत पाणी तुटते, पाइप हवा ओढतो. मोटार बंद करून अर्धा तास थांबा. विहिरीत पुन्हा पाणी दिसते. पाणी नव्हते असे नाही. मोटारीच्या ओढीला झरे पुरे पडले नाहीत.

मावशींच्या फोनची बॅटरी अशीच झरे आटलेली विहीर झाली होती. पडदा उन्हात भगभगत होता, जागा शोधणे चालू होते, टॉवर लांब होता, आणि त्यावर कॅमेरा सुरू झाला. एकदम मोठी ओढ लागली. बॅटरीचा जोर खाली बसला. जोर ठरावीक रेषेखाली गेला की फोन स्वतःला बंद करतो, नाहीतर आतले काम अर्धवट बिघडेल. घरी येईपर्यंत बॅटरीला विसावा मिळाला, थोडा जोर परत आला, म्हणून चौदा दिसले.

मग बावीस हा आकडा खोटा होता का? अगदी खोटा नव्हे. तो अंदाज होता. बॅटरीत काठी बुडवून मोजता येत नाही. किती वीज आत गेली, किती बाहेर आली, जोर किती आहे, यांवरून फोन हिशेब करतो. बॅटरी जुनी झाली की हिशेब चुकू लागतो.

ही अडचण एकट्या मावशींची नाही. डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपल या अमेरिकेतल्या मोठ्या कंपनीने कबूल केले की, बॅटरी थकलेल्या जुन्या आयफोनचा वेग ती मुद्दाम कमी करीत होती. फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून, असे तिचे म्हणणे. लोक रागावले, आणि आमच्या मते रागवायलाच हवे होते, कारण गिऱ्हाईकाला आधी सांगितले नव्हते. बॅटरी बदला म्हटले असते तर स्वस्तात काम झाले असते. लोकांनी फोन जुना झाला असे समजून नवे घेतले.

मावशींनी मग विचारले, "पण सकाळी शंभर व्हते, दुपारी बावीस कसे झाले? मी तर फोन पिशवीतून काढलाच नाही."

हा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड. त्यासाठी फोनचे दोन भाग समजून घ्यायला हवेत. हाताला लागतात ते अवयव म्हणजे हार्डवेअर: पडदा, कॅमेरा, टॉवरशी बोलणारा भाग, हिशेब करणारी चिप. या अवयवांना केव्हा काय करायचे ते सांगणारे लिखित हुकूम म्हणजे सॉफ्टवेअर. मोटार किती पाणी ओढते, हे मोटारीवर. ती किती वेळ चालू राहते, हे स्टार्टर दाबणाऱ्यावर. विहीर रिकामी होते ती दोघांमुळे.

विहीर मुळात केवढी, तेही पाहा. हल्ली पुष्कळ फोनच्या बॅटरीवर ५००० हा आकडा असतो. एवढ्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास वीज मावते. म्हणजे ९ वॅटचा एलईडी बल्ब दोन तास जळेल, इतकीच! आपल्या वीजबिलातले एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. चार्जरमध्ये थोडी वीज वाया जाते ती धरूनही एका युनिटात असा फोन चाळीसएक वेळा भरेल. एवढ्याशा विजेवर फोन दिवस काढतो, कारण बहुतेक वेळ तो झोपलेला असतो. झोपलेला फोन अगदी थोडी वीज खातो. पडदा उजळला की खर्च कितीतरी पटींनी वाढतो. झोपमोड झाली की बॅटरी उतरलीच म्हणून समजा.

पडद्याचा खर्च सर्वांत डोळ्यांत भरणारा. उन्हात फोन आपोआप पडदा पुरता उजळवतो, नाहीतर आपल्याला दिसणार कसे? काही फोनच्या पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतःच दिवा असतो. तेथे काळा ठिपका म्हणजे विझलेला दिवा, म्हणून अशा फोनवर काळे पान ठेवले तर वीज वाचते. दुसऱ्या जातीच्या पडद्यात मागे एकच दिवा सतत जळतो. तेथे पान काळे ठेवून काही वाचत नाही. सिन्नरात विडी वळणाऱ्या कितीतरी भगिनी समोर फोन ठेवून गाणी ऐकतात. हात पानतंबाखूत, नजर सुपात, आणि फोनवर चित्र नाचते आहे. पाहणारे कोणीच नाही! अशा वेळी चित्राचे अ‍ॅप न लावता नुसते आवाजाचे लावावे, पडदा बंद ठेवावा. तेवढ्याच बॅटरीत गाणी कितीतरी जास्त वेळ ऐकता येतील.

पण मावशींचा पडदा तर पिशवीत बंद होता. मग दुसरा खर्च पाहा, तो रेंजचा. शेजारच्या माणसाशी आपण हळू बोलतो. ओढ्यापलीकडच्याला हाक मारायची तर घसा ताणावा लागतो. फोनचे तसेच आहे. टॉवर जवळ असला तर फोन हलक्या आवाजात बोलतो. टॉवर लांब, मध्ये डोंगर, की तो ओरडू लागतो. रेंज मुळीच नसेल तर पुन्हा पुन्हा शोधत राहतो. हे सगळे पडदा बंद असतानाही चालते. कारखान्याच्या पत्र्याच्या शेडमध्येही असेच होते. पत्रा आणि लोखंड लहरी अडवतात. पाळीभर फोन पेटीत ठेवून येणारे कामगार म्हणतात, "हातही लावला नाही आणि निम्मी उतरली." हात लावला नाही, पण फोन आठ तास हाका मारीत होता. जेथे फोन येणारच नाही तेथे विमानाचे चित्र असलेले बटण दाबून ठेवावे. मग फोन हाका मारायचे थांबवतो. घरी कोणी आजारी असेल तर मात्र हे करू नका.

जागा शोधण्याचा खर्च आणखी वेगळा. पृथ्वीपासून सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर उपग्रह फिरतात. पुष्कळांना वाटते, फोन त्यांच्याशी बोलतो. तसे नाही. फोन नुसता ऐकतो. कोणत्या उपग्रहाची खूण किती वेळाने पोचली, यावरून तो आपली जागा काढतो. ऐकायला आणि गणित मांडायला वीज लागते. थोडा वेळ ऐकले तर काही विशेष नाही. दिवसभर कान टवकारून बसला तर मात्र बॅटरी खाली जाते.

दिवसभर कान टवकारून बसायला कोण सांगते? येथे सॉफ्टवेअर येते.

शेतकऱ्यांना ऑटो स्विच माहीत आहे. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. मालक घरी झोपलेला असला तरी पाणी चालूच. एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की डीपी जळतो, म्हणून वीज मंडळी हे स्विच काढा म्हणून सांगत असतात. फोनमधली कित्येक अ‍ॅप अशीच ऑटो स्विच लावून बसलेली असतात. एक हवामान विचारते, एक जाहिरात आणते, एक आलेले व्हिडिओ न विचारता उतरवून ठेवते. कोणी जागा विचारीत राहते. प्रत्येक जण फोनला झोपेतून उठवतो. सकाळी गावाच्या गटांवर येणारी सुप्रभाताची चित्रे आठवा. ती सगळी उतरतात, मग आपण पाहो वा न पाहो.

फोन बनवणाऱ्यांनाही हे कळते. २०१५ साली आलेल्या अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून एक सोय आहे. फोन बराच वेळ पडून राहिला की तो अ‍ॅपना सांगतो, "एकेकटे उठवू नका. मी मधूनमधून उठेन, तेव्हा सगळ्यांनी आपापले काम सांगा." पाटाच्या पाण्याच्या पाळीसारखीच ही पाळी. पण तुम्ही एखाद्या अ‍ॅपला 'नेहमी परवानगी' दिलीत की ते पाळी मोडू शकते. म्हणून अ‍ॅप जागा विचारील तेव्हा 'अ‍ॅप वापरत असताना' हे शब्द शोधा आणि तेथे बोट ठेवा. वाचता येऊ लागल्याचा हा एक रोकडा फायदा.

काही जण उलट टोकाला जातात. दर पाच मिनिटांनी सगळी अ‍ॅप वर सरकवून झाडून टाकतात. त्याने फायदा कमीच. रोज लागणारे अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून उघडायला जास्तच वीज लागते. चूल विझवून दर चहाला नव्याने पेटवण्यासारखे ते आहे.

आणखी एक जुनी समजूत वर्गात निघाली. "बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नये." हे पूर्वीच्या निकेलच्या बॅटऱ्यांचे शास्त्र. लिथियमच्या बॅटरीला ते लागू नाही. तिला थोडे थोडे भरलेले चालते, उलट मानवते. पार शून्याला नेणे आणि तासन्‌तास शंभरावर ठेवणे, दोन्ही तिला जड जाते. वीस ते ऐंशीच्या दरम्यान ती सुखी असते. आपल्या खेड्यांत लाईट कधी असते, कधी नसते. तेव्हा लाईट आली की तासभर लावला, गेली की काढला, यात बॅटरीचे काहीच बिघडत नाही. रोजच्याला ऐंशी पुरे. शेतावर नोंदीला जायचे त्या दिवशी मात्र शंभर करूनच निघा.

बॅटरीचा खरा वैरी उष्णता. चैत्र-वैशाखात मोटारसायकलच्या हँडलवर उन्हात लावलेला फोन, पत्र्याखाली चार्जिंगला ठेवलेला फोन, रात्री उशीखाली घालून भरलेला फोन, हे सगळे आतून म्हातारे होत असतात. रातोरात कळत नाही, वर्षाने कळते. मावशींचा फोन त्यांच्या मुलाने दोन वर्षे भट्टीशेजारच्या कामावर खिशात बाळगला होता. झरे तेथेच आटले.

मग मावशींनी काय केले? मुदतीचा शेवटचा दिवस उरला होता. रात्री फोन पुरता भरला. नातवाला हात लावू दिला नाही. सकाळी सात वाजता, ऊन चढण्याआधी, त्या थेट आपल्या शेतात गेल्या. वाटेत विमानाचे बटण दाबलेले होते. बांधावर पोचल्यावर ते काढले. डोक्यावरचा पदर पुढे ओढून फोनवर सावली धरली, म्हणजे पडदा मंद ठेवूनही अक्षरे दिसली. मग एकेक काम केले. आधी जागा सापडू दिली, मग पीक लिहिले, शेवटी फोटो. नोंद झाली तेव्हा ८१ टक्के शिल्लक होते.

पुढे त्यांनी सिन्नरात येऊन बॅटरी बदलली. दुकानात आधी एक बिनखुणेची स्वस्त बॅटरी पुढे आली. मावशींनी ती उलटून पाहिली आणि परत केली. बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर' या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. त्यांना इंग्रजीतली मोजकीच अक्षरे येतात, त्यांत हे एक आहे. जुनी बॅटरी फुगली असेल तर तिला टाचणी लावू नका, दाबू नका, चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नका. ती पेट घेते. दुकानातच परत द्या.

आता वहीत करायचा अभ्यास. फोनच्या सेटिंगमध्ये जा. 'बॅटरी' हा शब्द शोधा. त्याच्या आत 'बॅटरी वापर' असे किंवा तशाच अर्थाचे शब्द असतील. ते उघडले की अ‍ॅपची नावे आणि पुढे टक्के दिसतील. वरची तीन नावे आकड्यांसह वहीत उतरवून घ्या. त्यांतले कोणते तुम्ही स्वतः उघडले होते, त्यापुढे बरोबरची खूण करा.

मावशींच्या वहीत सर्वांत वर एका खेळाचे नाव निघाले. त्यांनी तो कधी उघडलाच नव्हता. त्या दिवशी वर्गाच्या दाराशी आजीला न्यायला आलेला नातू नाव वाचले जाताच बाहेरच्या बाहेर पसार झाला.